विणणे, वीण, विणकाम : कुठे कसं वापरायचं

मराठीत विणणे हा एकच शब्द आपण स्वेटरलाही वापरतो आणि पैठणीलाही, आणि खरा घोळ तिथेच होतो. कोणी नुसतं "मी विणकाम शिकतेय" म्हटलं की समोरच्याला कळत नाही, लोकरीचं की हातमागाचं? म्हणून माझं सरळ सांगणं, विणणेच्या आधी कशावर ते बोला. सुयांवर विणलं, क्रोशावर विणलं, मागावर विणलं, की प्रश्नच मिटला.

आता फरक डोळ्यांनी बघा. घरातला कुठलाही साधा टी-शर्ट घ्या आणि मोबाईलचा कॅमेरा झूम करून सुलट बाजू बघा, वरखाली एकात एक अडकवलेले बारीक आकार दिसतील, इंग्रजी V असतो ना तसे, आणि कापड उलटं केलं की आडव्या लाटा. हीच स्वेटरची वीण, एकाच धाग्याचे फास एकमेकांत ओवलेले, म्हणून तर ते ताणलं जातं आणि एक टाका सुटला की खालपर्यंत उसवत जातं. मग सोलापुरी चादर बघा, तिथे उभे धागे वेगळे आणि आडवे वेगळे, एकमेकांच्या खालून वरून गेलेले, ती ताणून बघा, स्वेटरसारखी ताणली जाणारच नाही.

सुयांच्या कामात सुई म्हणजे हत्यार पण आणि ओळ पण, हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. "४० टाके घाला, पहिली सुई सुलट, दुसरी उलट" असं आई सांगायची तेव्हा मी दुसरी सुई शोधत बसले होते! अर्थ इतकाच की पहिली ओळ सगळी सुलट टाक्यांनी विणा, मग काम फिरवा आणि पुढची ओळ उलट टाक्यांनी.

पैठणीबद्दल मात्र एक चूक कृपया करू नका. पदरावरच्या मोराला लोक सर्रास भरतकाम म्हणतात. येवल्याच्या हातमागावरच्या पैठणीत मोर सुईने भरलेला नसतो, कापड तयार होतानाच रंगीत धागे हाताने अडकवत तो विणलेला असतो, म्हणून पदर उलटून बघितला तरी मोर जवळजवळ तितकाच स्वच्छ दिसतो. त्याला भरतकाम म्हटलं की विणकराची सगळी मेहनतच पुसली जाते.

बाकी सुंभाची बाज विणतात, बुरूड टोपल्या विणतात, धनगरी घोंगडं विणतात, कोळी जाळं विणतो (मासे पकडणारा पण आणि भिंतीवरचा पण). सुगरण घरटं विणते असं आपण म्हणतो पण विणणारा नर असतो, नाव मात्र बाईचं पडलंय. नात्यांची वीण घट्ट असते नाहीतर उसवते, तेही बरोबरच.

लिहिताना वीण दीर्घ, पण पुढे प्रत्यय लागला की ऱ्हस्व, विणीचा, विणीत. विणणे नेहमी ऱ्हस्वच. ण चा न करू नका, विना म्हणजे शिवाय, आणि वीणा तर वाजवायची. आणि बातमीत कासवांचा किंवा पक्ष्यांचा "विणीचा हंगाम" वाचलात तर तिथे लोकर शोधू नका, ती वीण पिलं होण्याची, तिचा संबंध विण्याशी, म्हणजे व्यायण्याशी.