इडुक्की, कुमासी, ग्वायाकिल : घरच्या चॉकलेटची अदलाबदल कशी करावी

दुसऱ्या देशातल्या चॉकलेट करणाऱ्याशी ओळख वाढवायची असेल, तर नुसत्या गप्पा पुरत नाहीत, वड्या पाठवाव्या लागतात. मी कोथरूडला घरीच कोकोच्या बियांपासून चॉकलेट करते. घानातल्या कुमासीत आणि इक्वेडोरच्या ग्वायाकिलमध्ये माझ्यासारखंच घरी करणारे दोघं आहेत. आमचा नियम एकच: बिया आपापल्या देशातल्या, आणि वडीत ७० टक्के कोको, ३० टक्के साखर. व्हॅनिला नाही, दूध पावडर नाही. तिसरं काही घातलं की बीची चव झाकली जाते आणि अदलाबदलीला अर्थ उरत नाही.

मी केरळातल्या इडुक्कीच्या बिया घेते. विकणाऱ्याला किमतीआधी विचारा, किती दिवस आंबवल्या, ढिगात की पेटीत? घानात केळीच्या पानांखाली ढीग लावून साधारण ६ दिवस आंबवतात. चॉकलेटच्या चवीची अर्धी तयारी इथेच होते, म्हणून ही माहिती पार्सलसोबत लिहून पाठवायचीच. पाच-सहा बिया उभ्या चिरून बघा. आत तपकिरी रंग आणि भेगा हव्यात. जांभळ्या किंवा करड्या, घट्ट निघाल्या तर त्या नीट आंबलेल्या नाहीत.

ओव्हनमध्ये १२० ते १३० अंशांवर अर्धा तास भाजा, मधून मधून हलवा. गार झाल्यावर लाटण्याने जाडसर फोडा आणि सुपात पाखडा. पाखडायला सुपासारखं साधन नाही, टरफलं सहज उडून जातात. किलोभर बियांचा साधारण पाऊण किलो गर मिळतो.

दळायला दगडी वेट ग्राइंडर. आपल्या इडली-डोशाच्या या यंत्रावर कोको बारीक दळता येतो, हे जगभरच्या घरगुती चॉकलेटवाल्यांपर्यंत पोहोचवण्यात अमेरिकेतल्या जॉन नान्सी यांचा मोठा वाटा आहे. आज दूरदूरच्या देशांत छोटे कारागीर भारतात बनलेल्या ग्राइंडरवर चॉकलेट दळतात, याचा मला फार अभिमान वाटतो. मात्र पिठाचा नेहमीचा ग्राइंडर सलग दिवसभर चालवू नका, चॉकलेटसाठी वेगळं मॉडेल मिळतं. दगड आधी कोमट करा, गर चमच्या-चमच्याने सोडा. तो पातळ झाला की कोरडी पिठीसाखर घाला. पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, सगळं घट्ट होऊन बसेल. साधारण २४ तासांनी जिभेला कण लागेनासे होतात.

मग टेम्परिंग: ४५ अंशांपर्यंत वितळवा, ढवळत २८ पर्यंत उतरवा, परत ३१-३२ वर आणून साच्यात ओता. वडी चकचकीत निघते आणि कट्कन मोडते.

पार्सल डिसेंबर-जानेवारीत टाका. कोको बटर, म्हणजे बियांतली चरबी, ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आपल्या एप्रिल-मेमध्ये वडी टिकणार नाही. कस्टम्सच्या कागदावर आत खाद्यपदार्थ आहे हे स्पष्ट लिहा, आणि त्या देशात काय चालतं ते आधी विचारा. कच्च्या बिया मात्र पाठवू नका. त्यांच्याबरोबर झाडांची कीड-रोग जाऊ शकतात. त्यावर सरकारी निर्बंध असतात आणि ते योग्यच आहेत. वाटेत वितळून वडीवर पांढरी झाक आली, तर ती बुरशी नव्हे, वर आलेलं कोको बटर आहे. चव घ्यायला हरकत नाही.

तिन्ही वड्या एकाच दिवशी चाखा, मधे कोमट पाणी प्या. माझी इडुक्कीची वडी आंबटसर, कुमासीची भरदार आणि सरळ चॉकलेटी, ग्वायाकिलची फुलांच्या वासाची. जे जाणवलं ते त्याच दिवशी लिहून कळवा, ‘छान आहे’ एवढ्यावर थांबू नका. आणि प्रत्येक खेपेतल्या दोन-तीन वड्या बिया पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी पाठवा, परदेशातल्या नोंदींसह. आपल्या बियांचं चॉकलेट चाखायला न मिळालेले शेतकरी पुष्कळ आहेत, आणि पुढच्या हंगामात किती दिवस आंबवायचं हे शेवटी तेच ठरवणार असतात.