क्यूईएमयूमध्ये डिव्हाइसच्या मेमरीला नाव द्यायचं आणि ते लिहून ठेवायचं कसं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चालतो तसल्या जॅकार्ड मागाचा कंट्रोलर क्यूईएमयूमध्ये (अख्खा संगणक सॉफ्टवेअरमध्ये उभा करणाऱ्या एम्युलेटरमध्ये) उभा करायचा आहे, असं धरू. त्यात मेमरीचे दोन भाग, म्हणजे रीजन, आहेत: ४ केबीची रजिस्टरं (यंत्राला आज्ञा द्यायच्या आणि त्याची स्थिती वाचायच्या जागा) आणि चादरीचं डिझाइन ठेवायला ६४ केबी रॅम.

रजिस्टरांच्या रीजनचं नाव मुख्यतः माणसाला वाचायला असतं. क्यूईएमयूच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याला आज्ञा द्यायच्या कन्सोलमध्ये, ‘इन्फो एमट्री’ दिलं की ते दिसतं. तिथे नुसतं ‘एमएमआयओ’ (मेमरीच्या पत्त्यांवरून डिव्हाइसशी बोलण्याची पद्धत) किंवा ‘आयओमेम’ असेल तर कुठला पत्ता कुणाचा ते कळत नाही. ‘जॅकार्ड-रेग्ज’ ठेवा. नावात तिरकी रेघ आणि चौकटी कंस नकोत.

रॅमचं तसं नाही. ‘मेमरी_रीजन_इनिट_रॅम’ला दिलेलं नाव मायग्रेशनच्या, म्हणजे चालू मशीन एका क्यूईएमयूतून दुसऱ्यात हलवण्याच्या, डेटातून पलीकडे जातं. पुढे कुणी ते ‘सुधारलं’, की जुन्या आवृत्तीतून येणारं मशीन ‘अननोन रॅमब्लॉक’ म्हणून नाकारलं जातं. त्यामुळे पहिल्या रिलीजआधीच नाव पक्कं करा. आणखी एक मेख आहे. पीसीआय डिव्हाइस (कार्डासारखं पीसीआय बसला जोडलेलं) असेल तर रॅमच्या नावाआधी बसवरचा पत्ता आपोआप लागतो; सिसबसवर, म्हणजे बोर्डाला थेट जोडलेल्या डिव्हाइसांसाठीच्या क्यूईएमयूच्या बसवर, लागत नाही. एका बोर्डावर दोन कंट्रोलर बसवले आणि दोघांची रॅम ‘जॅकार्ड-डिझाइन’च असली, तर क्यूईएमयू ‘ऑलरेडी रजिस्टर्ड’ म्हणत सुरू होतानाच अबॉर्ट होतो. माग क्रमांकाची प्रॉपर्टी (बोर्डाच्या कोडातून डिव्हाइसला देता येणारी किंमत) ठेवून तो क्रमांक नावात घाला.

आता हे सगळं लिहून ठेवायची कॉमेंट. ती हेडर फाइलमध्ये ‘क्यूईएमयू इंटरफेस’ या मथळ्याखाली लिहा, कारण बोर्डाचा कोड लिहिणारा तीच फाइल उघडतो. सिसबस एमएमआयओ रीजन ० म्हणजे रजिस्टरं, रीजन १ म्हणजे डिझाइन रॅम, आयआरक्यू (इंटरप्टची रेघ) ० कशाची, प्रॉपर्टी कोणत्या, एवढं पुरे. हे क्रमांक ‘सिसबस_इनिट_एमएमआयओ’ ज्या क्रमाने बोलावलं त्यावरून पडतात. नवा रीजन मध्ये घुसवला तर पुढचे सगळे सरकतात, आणि बोर्ड भलतीच मेमरी भलत्या पत्त्यावर मॅप करतो. कंपायलर याबद्दल चकार शब्द काढत नाही. भर घालायची ती शेवटी.

ऑप्समधल्या (रीजनची रीड-राइट फंक्शनं आणि त्यांचे नियम सांगणाऱ्या स्ट्रक्चरमधल्या) ‘व्हॅलिड’ आणि ‘इम्प्ल’ यांत पुष्कळांची गल्लत होते. गेस्टला, म्हणजे क्यूईएमयूच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरला, किती बाइटांचा अ‍ॅक्सेस चालेल ते ‘व्हॅलिड’ सांगतं; तुमची रीड-राइट फंक्शनं किती बाइट हाताळतात ते ‘इम्प्ल’. ‘इम्प्ल’ची कमाल मर्यादा रिकामी सोडली तर ती ४ धरली जाते, म्हणजे ८ बाइटांचं एक राइट तुमच्या फंक्शनकडे दोन तुकड्यांत येतं. राइट झालं की धोटा सुटतो असं रजिस्टर असेल, तर तो दोनदा सुटेल.