पार्टीची मेंदी : आधी या चुका टाळा, मग मला फोन करा

डिसेंबर लागला की फोन सुरू होतात. "ताई, संध्याकाळी पार्टी आहे, चारला येशील? आठपर्यंत काळीभोर हवी." गोव्यात, म्हापशाला मेंदी काढायला लागून मला २० वर्षं झाली आणि माझं उत्तर तेच आहे : येईन, पण आठ वाजता तुझा हात नारिंगी असेल.

मेंदीच्या पानातलं लॉसोन हे रंगद्रव्य कातडीत उतरतं, तिथल्या प्रथिनाला धरून बसतं आणि हवा लागून सावकाश गडद होतं. खपली काढल्याबरोबर दिसतो तो कच्चा रंग. पक्का रंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. म्हणून मेंदी कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी काढायची. यात मी कुणाचं ऐकत नाही. एकदा ऐकलं होतं, ते सांगते.

बार्देशातलं एक ख्रिश्चन घर. नवरीच्या आईचा बेत असा, की शुक्रवारी संध्याकाळी रोस (लग्नाआधी नवरीला नारळाचा रस चोळायचा विधी), तो झाला की मेंदी आणि शनिवारी दुपारी चर्च. रोस म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. तरी हो म्हटलं. सीझन होता, पैसे बरे होते. गेले तर पोर नारळाच्या रसात न्हालेली, वर मावश्या-आत्यांनी हौसेने कोपरापर्यंत तेल चोळलेलं. साबणाने दोनदा हात धुवायला लावले, तरी कोन टेकवला की रेघ घसरायची. त्यात मनगटापासून वर चुडो, म्हणजे लग्नाच्या बांगड्या, भरलेला, म्हणजे नक्षीला जागाच नाही. रात्री अकराला संपवलं. सकाळी खपली काढली तर गाजरासारखा रंग, तोही ठिकठिकाणी पुसलेला. पांढऱ्या गाऊनवर तो जास्तच उठून दिसत होता. आई म्हणाली, "ही मेंदी की हळद गो?" मी अर्धे पैसे परत केले.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न डिझाइनचा नसतो. रोस कधी, चुडो कधी? आधी मेंदी, मग निदान एक दिवस जाऊ द्या, त्यानंतर चुडो आणि रोस. खपली निघाल्यावर तेल लावलेलं चांगलंच. मेंदीआधी मात्र तेलाचा थेंबही नको, आणि सनस्क्रीनही नको.

दुसरी चूक नुसती रंगाची नाही, ती अंगावर येते. किनाऱ्यावर अर्ध्या तासात काढून देतात ती 'काळी मेंदी'. अहो, मेंदी काळी नसतेच! नारिंगीपासून गडद तपकिरीपर्यंत जाते, बस्स. तो काळा रंग बहुतेक वेळा केसांच्या डायमधल्या पीपीडी (पॅराफेनिलिनडायअमाइन) या रसायनाचा असतो. युरोपात हे रसायन केसांच्या रंगातसुद्धा २ टक्क्यांच्या वर चालत नाही आणि कातडीवर लावायला परवानगीच नाही. माझ्या बहिणीच्या मुलाने दहावीच्या सुटीत दंडावर विंचू काढून घेतला. घरी येऊन मलाच ऐकवलं, "मावशी, तुझ्यापेक्षा झकास रंगला." पाचव्या दिवशी खाज सुटली, मग बरोब्बर विंचवाच्या आकाराचे फोड आले. डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, आता जन्मभर केसांना काळा डाय लावायचा नाही. एकदा ही ॲलर्जी बसली की बहुधा कायमची. विंचवाचा फिकट डाग वर्षभर होता.

ओळखायचं कसं? खऱ्या मेंदीला ओल्या गवताचा आणि निलगिरी तेलाचा वास येतो, आणि ती सहा-आठ तास ठेवायला सांगतात. "अर्ध्या तासात धुवा" असं कुणी म्हटलं की उठा.

बाकीच्या चुका पटापट. वॅक्सिंग मेंदीच्या आदल्या दिवशी उरका, नंतर नको. खपली पाण्याने धुवू नका, खरवडून काढा आणि दिवसभर पाणी टाळा. हॉटेलच्या पूलमध्ये उतरणार असाल तर रंग लवकर उतरेल, माझ्या नावाने ओरडू नका. पाठीवर, दंडावर काढून तळहातासारखा रंग मागू नका. तिथली कातडी पातळ असते. पंख्याखाली हात धरून खपली पाडू नका, मी लवंगांची धुरी देते.

आणि कोन. महिनोन्‌महिने दुकानात बाहेर लटकलेला कोन मी हातातही घेत नाही. मी सोजतची पूड भिजवते (राजस्थानच्या त्या मेंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं), लिंबाचा रस, साखर, निलगिरी घालून रात्रभर झाकून ठेवते आणि कोन फ्रीजरमध्ये टाकते. साखर बघून घाला. आपल्या जुलैच्या हवेत ती ओल धरते, नक्षी वाळायच्या आधीच ओघळते. पावसात मी ती अर्धी करते. गणेश चवथीच्या आसपास तर कधी कधी घालतच नाही.