मोंटानाच्या ग्रामीण भागात लोकांनीच आपल्या परिसराला झोनिंग कसं लावून घ्यायचं

आपल्याकडे यलो झोन-ग्रीन झोन वरून ठरून येतो, आराखडा जाहीर झाला की आपण हरकती-सूचना द्यायच्या आणि वाट बघायची. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मात्र १९५३ पासून एक कायदा आहे ज्यात शहराच्या हद्दीबाहेरचे जमीनमालक स्वतः एकत्र येऊन काउंटीकडे, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाकडे, पिटिशन देऊ शकतात की आमच्या एवढ्या परिसराला झोनिंग लावा, म्हणजे कुठल्या जमिनीचा कसला वापर चालेल याचे नियम करा. तिकडे याला पार्ट वन झोनिंग म्हणतात, काउंटीने स्वतःहून लावलेलं ते पार्ट टू. तिथल्या ग्रामीण काउंट्यांमध्ये कितीतरी जमिनीवर झोनिंगच नाही, त्यामुळे रस्त्यापलीकडच्या माळावर उद्या खडीची खाण निघाली किंवा शंभर प्लॉट पडले तर अडवायला फारसं काही हातात नसतं. बोझमन किंवा हॅमिल्टनच्या आसपास तुम्ही जमीन घेतली असेल, किंवा घेतलेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर हा मार्ग माहीत असायलाच हवा.

सगळ्यात आधी बघायचं की तुमच्या जमिनीवर आत्ता काय लागू आहे. डीडसोबत, म्हणजे खरेदीखतासोबत, कव्हनंट असतात, म्हणजे प्लॉट पाडणाऱ्याने घातलेल्या खाजगी अटी, त्या काउंटी अमलात आणत नाही, शेजाऱ्यांनीच कोर्टात जायचं असतं. झोनिंग वेगळं, ते काउंटीचं. आणि एखाद्या शहराने आधीच झोनिंग लावलेल्या जागेत पार्ट वनचा डिस्ट्रिक्ट, म्हणजे झोनिंग लागू होणारा आखलेला परिसर, करता येत नाही, त्यामुळे शहराला खेटून जमीन असेल तर प्लॅनिंग ऑफिसात हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

मग नेमकं काय थांबवायचंय ते एका वाक्यात लिहून काढा. हे सोपं वाटतं पण इथेच बहुतेक गट घसरतात, कारण प्रत्येकाला वेगळंच काहीतरी नको असतं, कुणाला खाण नको, कुणाला छोटे प्लॉट नकोत, कुणाला शेजारच्या गोठ्याचा वास नको. शेवटचं तर विसराच, कारण चराई, शेती, बागायत आणि लाकडासाठी झाडं वाढवणं यासाठी वापरात असलेल्या जमिनीवर पार्ट वनमधून नियम लावताच येत नाहीत, कायद्यातच तसं आहे, आणि मला ते योग्य वाटतं, पिढ्यानपिढ्या गुरं राखणाऱ्या माणसाला काल राहायला आलेल्याने वेसण घालू नये. खाणीचं मात्र वेगळं आहे. पार्ट टूमध्ये खनिजांना बरंच संरक्षण आहे, पार्ट वनमध्ये तसं कलम नाही, म्हणून खडीच्या खाणीने हैराण झालेले लोक पार्ट वनकडे वळतात. हेलेनाजवळच्या एका डिस्ट्रिक्टमध्ये लोकांच्या पिटिशनवरून खडी-वाळूच्या खाणकामाला मनाई झाली, कंपनी कोर्टात गेली, आणि २०१२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने या मार्गाने अशी मनाई करता येते असं म्हटलं.

आता नकाशा. डिस्ट्रिक्ट किमान ४० एकरांचा हवा, म्हणजे साधारण १६ हेक्टर. मोंटाना कॅडॅस्ट्रल नावाची राज्याची फुकट ऑनलाइन सोय आहे, त्यात प्रत्येक तुकड्याची हद्द आणि मालकाचं नाव दिसतं. ती उघडून बसा आणि हद्द अशी आखा की बघणाऱ्याला कारण दिसलं पाहिजे: ओढा, डोंगराची धार, एकच रस्ता वापरणारी घरं, एकाच भूजलावरच्या विहिरी. विरोध करणारा मालक वगळायचा म्हणून हद्द वाकडीतिकडी फिरवलीत तर हिअरिंगमध्ये पहिला प्रश्न त्यावरच येतो आणि पुढे कोर्टातही तेच काढतात. उलट एकट्या माणसाची जमीन नियमांत अडकवायची म्हणून त्याच्याभोवती हद्द ओढली तर ते त्याहून वाईट.

हद्द ठरली की मालकांची यादी करा, आणि हे काम मन लावून करा. पिटिशनला बाधित मालकांपैकी ६०% लोकांच्या सह्या लागतात. डोकी मोजायची आहेत, एकर नव्हे, म्हणून नाव डीडवर जसं आहे तसंच हवं. समजा कॅडॅस्ट्रलवर एकच नाव दिसतंय, पण क्लर्क अँड रेकॉर्डरच्या ऑफिसात, म्हणजे जिथे खरेदीखतांची नोंद होते तिथे, डीड काढून बघितलं तर त्यावर नवरा, बायको आणि वारलेल्या वडिलांचा ट्रस्ट अशी तीन नावं निघाली. मग नवऱ्याची सही घेऊन उठायचं नाही, बायकोची वेगळी घ्यायची, ट्रस्टच्या वतीने ट्रस्टीने सही करायची आणि त्याला तो अधिकार आहे याचा कागद सोबत लावायचा. सहीच्या कागदावर छापील नाव, जमिनीचं कायदेशीर वर्णन, तारीख असे रकाने ठेवा, आणि प्रत्येक पानाला नकाशा जोडा म्हणजे नंतर कुणी म्हणणार नाही की मला हद्द दाखवलीच नव्हती. काठावर ६०% घेऊन जाऊ नका, तपासणीत चार सह्या बाद झाल्या की सगळं कोसळतं, ७०-७५% हातात असलेले बरे.

पण सह्यांच्या आधी नियमांचा मसुदा. माझं याबाबतीत ठाम मत आहे, आधी सही आणि नंतर नियम असं कधीच करू नये, लोकांना कशावर सही करतोय ते दिसलं पाहिजे. मसुदा छोटा ठेवा. कुठले वापर चालतील, कुठल्यांना परवानगी लागेल, कुठले चालणार नाहीत, आणि किती एकरांमागे एक घर, एवढं पुरतं. बोझमनजवळच्या ब्रिजर कॅन्यनचं झोनिंग १९७१ पासूनचं आहे, तिथल्या शेतीच्या पट्ट्यात ४० एकरांमागे एक घर असा नियम, तो वाचून बघा, पण तसाच उचलू नका, तुमच्याकडे पाच-पाच एकरांचे प्लॉट आधीच पडलेले असतील तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही. आधीपासून चालू असलेला वापर नव्या नियमात बसत नसला तरी चालू राहू शकतो, हे घरोघरी जाताना आधी सांगा, अर्धी भीती तिथेच जाते. एखाद्याचं ट्रक दुरुस्तीचं शेड वीस वर्षं चालू आहे, त्याला वाटत असतं आता हे बंद पाडणार.

पिटिशन दाखल झाली, सह्या तपासल्या गेल्या, की विषय काउंटी कमिशनरांसमोर, म्हणजे काउंटी चालवणाऱ्या निवडून आलेल्या मंडळासमोर, येतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, ६०% झाले म्हणजे डिस्ट्रिक्ट मिळालाच असं नाही. सार्वजनिक हित किंवा सोय असेल तर कमिशनर डिस्ट्रिक्ट करू शकतात, केलाच पाहिजे असं नाही. म्हणून हिअरिंगला नुसती गर्दी नेऊन भागत नाही. विहिरींच्या पातळीच्या नोंदी, रस्त्यावरच्या रहदारीचे आकडे, फायर डिस्ट्रिक्टचं (स्थानिक अग्निशमन यंत्रणेचं) पत्र, काउंटीच्या ग्रोथ पॉलिसीत (विकासाच्या धोरणात) तुमच्या भागाबद्दल काय लिहिलंय ते पान, असं हातात घेऊन जा आणि पाच जणांनी पाच वेगळे मुद्दे मांडा, एकच मुद्दा पाच वेळा नको.

विरोधकांसाठीही दार आहे. डिस्ट्रिक्ट झाल्यावर ३० दिवसांत एकूण मालकीहक्कापैकी ५०% ज्यांच्याकडे आहे अशा मालकांनी हरकत घेतली तर तो टिकत नाही आणि ती जमीन वर्षभर नव्या पिटिशनमध्ये घेता येत नाही, असं कलम आहे. म्हणजे अर्जाला डोकी आणि हरकतीला मालकी, दोन वेगळे हिशोब, म्हणून मोठ्या रँचवाल्यांकडे सगळ्यात आधी जा, शेवटी नाही. पार्ट टूमधलं असंच एक हरकतीचं कलम, ज्यात शेती आणि जंगलाच्या निम्म्या जमिनीचे मालक झोनिंग अडवू शकत होते, ते सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये मिसूला काउंटीच्या केसमध्ये घटनाबाह्य ठरवलं. त्यामुळे तुमच्या वेळी हे कलम कसं लावणार ते काउंटी अॅटर्नीकडून, म्हणजे काउंटीच्या सरकारी वकिलाकडून, लेखी घ्या.

मंजूर झाल्यावर सात जणांचं प्लॅनिंग अँड झोनिंग कमिशन नेमलं जातं, त्यात तिन्ही काउंटी कमिशनर असतात आणि डिस्ट्रिक्टमधल्या नागरिकांनाही जागा असते. तिथे तुमच्यातलं कुणीतरी बसेल हे बघा, आणि जो सगळ्यात जोरात भांडतो त्याला नको, जो कागद वाचतो त्याला पाठवा.

पुढे कधी कुणाला आपल्या तुकड्याचा झोन बदलून हवा असतो, ते रीझोनिंग. अर्ज, फी, नोटीस, हिअरिंग हे असतंच, पण खरी परीक्षा स्पॉट झोनिंगची, म्हणजे एखाद्याच्याच तुकड्याला आजूबाजूपेक्षा वेगळा झोन देण्याची. १९८१ च्या फ्लॅटहेड काउंटीच्या केसपासून कोर्ट तीन गोष्टी बघतं: मागितलेला वापर आजूबाजूच्या वापरापेक्षा फारच वेगळा आहे का, जागा लहान आणि फायदा मोजक्याच मालकांचा आहे का, आणि बाकीच्यांच्या जिवावर एकाचंच भलं करणारा हा खास कायदा झालाय का. जागा लहान म्हणजे नुसते एकर बघत नाहीत. कॅस्केड काउंटीत कोळशाच्या वीजकेंद्रासाठी ६६८ एकर शेतजमीन हेवी इंडस्ट्रियल केली होती, एवढी मोठी जागा असूनही २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते स्पॉट झोनिंग ठरवून रद्द केलं. शेजारी असं काही मागत असेल तर तुमचं म्हणणं या तीन मुद्द्यांवरच लिहा आणि हिअरिंगच्या आधी लेखी द्या, म्हणजे ते रेकॉर्डवर येतं. निर्णय पटला नाही तर डिस्ट्रिक्ट कोर्टात (तिथल्या जिल्हा न्यायालयात) अपील करायला ३० दिवस मिळतात, आणि वकील शोधण्यातच त्यातले बरेच जातात, म्हणून नाव आधीच ठरवून ठेवा.