ग्राफाइटची छिद्रं मोजण्याआधी: ब्लँक रन झाला का?

पारा पोरोसिमीटर (दाबाने पारा छिद्रांत घुसवून ती मोजणारं यंत्र) लावायचा असेल तर आदल्या दिवशीच ब्लँक रन, म्हणजे तुकडा न ठेवता नुसत्या पाऱ्याची चाचणी, उरकून घ्या. मागच्या वेळी नेमका तोच राहिला आणि सगळी मोजमापं बाद करावी लागली.

इथे आयजी-110 धरलं आहे, जपानच्या एचटीटीआर अणुभट्टीतलं बारीक कणांचं ग्राफाइट: कण सुमारे 20 मायक्रॉन, घनता 1.77 ग्रॅम प्रति घनसेंमी. एनबीजी-18 हे जाड कणांचं ग्राफाइट असेल तर खालचं माप विसरा. त्यातले कण 1.6 मिमीपर्यंत असतात, छोट्या तुकड्यात एखाददुसरं मोठं छिद्रच सगळा आकडा फिरवेल.

तुकडा 10 मिमी व्यासाचा, 15 मिमी लांब. ठोकळ्यावरची दिशा कापण्याआधी खुणा करून ठेवा. हिऱ्याची चकती, सावकाश, पाणी सोडत. तेल अजिबात नको, छिद्रांत शिरलेलं तेल नीट निघत नाही. ग्राफाइट मऊ असतं, कापताना भुकटी बसून छिद्रांची तोंडं बुजतात, म्हणून अल्ट्रासॉनिकमध्ये 10 मिनिटं धुवा. मग 110 अंशांवर रात्रभर आणि डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड. लागोपाठची दोन वजनं सारखी आली तरच वाळलं म्हणा. ओल राहिली की हेलियम पिक्नोमीटरमध्ये (हेलियम भरून घन भागाचं आकारमान मोजणारं यंत्र) दाब ठरत नाही.

क्रम बदलू नका: मापं आणि वजन, मग हेलियम, पारा शेवटी. पारा शिरलेला तुकडा पुन्हा कशाच्याच कामाचा नाही, आणि तो ओव्हनमध्ये तर कधीच घालायचा नाही. स्फटिकाची घनता 2.26 धरली तर एकूण सच्छिद्रता साधारण 21.7 टक्के, म्हणजे या तुकड्यात 0.26 घनसेंमीच्या आसपास पोकळी. त्यातली बंद छिद्रं किती, हे हेलियमच सांगतो. पेनेट्रोमीटरची (तुकडा आणि पारा ठेवायच्या काचेच्या भांड्याची) पोकळ दांडी 0.4 घनसेंमीची घ्या. लहान घेतली तर पारा मध्येच संपतो.

आता ब्लँक. त्याच पेनेट्रोमीटरचा, नुसता पारा भरून. शेजारचा चालणार नाही, प्रत्येक काच वेगळी; क्रमांक वहीत लिहा. दाबाचे टप्पे तेच, प्रत्येक टप्प्यावर थांबायचा वेळही तोच. 414 मेगापास्कलला पारा दबतो, काच दबते, भोवतीचं तेल तापतं, आणि यंत्र हे सगळं छिद्रात शिरलेला पारा म्हणून मोजतं. मग 10 नॅनोमीटरच्या खाली छिद्रांचा छान उंचवटा दिसतो, जो ग्राफाइटमध्ये नसतोच. ब्लँक वजा केल्यावरही ग्राफाइट स्वतः आकसतं, म्हणून दाब उतरवतानाची रेषाही नोंदवा. जे लगेच तितकंच परत येतं ते बहुधा आकसणं. पेनेट्रोमीटरच्या झाकणाला ग्रीज पातळच लावा. पेनेट्रोमीटर बदलला? पुन्हा ब्लँक.

स्पर्शकोन (पारा ग्राफाइटला ज्या कोनात टेकतो तो) अहवालात लिहा. 140 अंशांना शेवटचा टप्पा 3.6 नॅनोमीटर येतो, 155 ला 4.2, कोन न लिहिता दोन प्रयोगशाळांचे आलेख शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. आणि पारा छिद्राचा गळा मोजतो, पोट नाही.

पोट बघायचं तर सूक्ष्मदर्शक: फ्लुओरेसंट रंग मिसळलेलं इपॉक्सी निर्वातात भरा, 1 मायक्रॉनपर्यंत पॉलिश. सीटी (क्ष-किरणांनी आतलं त्रिमितीय चित्र) करणार असाल तर पाऱ्याआधी. म्रोझोव्स्की भेगांतल्या (ग्राफाइट थंड होताना स्फटिकाच्या थरांमध्ये पडणाऱ्या) बारीक भेगा सीटीत दिसत नाहीत, त्याला टीईएम, म्हणजे आरपार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. किरणोत्सारी तुकडा असेल तर पारा नकोच, दूषित पाऱ्याची विल्हेवाट लावणं महाकठीण. हेलियम आणि सीटीवर थांबा.

हातमोजे, ट्रे, धूरकपाट. आणि ब्लँकची फाइल सॉफ्टवेअरमध्ये खरंच जोडली आहे का, सुरू करण्याआधी उघडून बघा.