हेडफोन कुणाकडे असतो?

मी पुण्यातून एका शाळकरी मुलाला ऑनलाइन स्पीच थेरपी (बोलणं, उच्चार सुधारण्याचे उपचार) देते. शाळा सातारा जिल्ह्यातली. पहिले दोन महिने निम्मी सत्रं बुडाली. कधी मूल यायचं नाही, कधी हेडफोन सापडायचा नाही. मी हेडसरांना ईमेलवर ईमेल. मुलाला वर्गातून आणणाऱ्या मावशींना मात्र साधा नमस्कारही केला नव्हता!

शेवटी एसटीने गेले. स्टाफरूममधल्या चहावर कळलं, मी नेमका खेळाचा तास पळवला होता. वेळ बदलली. आता शुक्रवारी बाईंना मिनिटभराचा व्हॉइस मेसेज: ‘सध्या फक्त ‘क’. ‘काका’चं ‘ताता’ झालं तर टोकू नका, तुम्ही नीट ‘काका’ म्हणा आणि पुढे चला.’

परवा मावशींचाच फोन, “मॅडम, डबा खाताना ‘काकडी’ म्हणाला!”