केमोच्या पेशंटभोवतीच्या वस्तू कशा पुसायच्या

आईच्या केमोच्या वेळी मी जे शिकले ते लिहितेय, कारण तेव्हा मला नुसतं 'स्वच्छता ठेवा' एवढंच सांगितलं होतं, कशी ते कोणी सांगितलं नव्हतं.

केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे 500 च्या खाली गेले की आपल्याला कळणारही नाही असं इन्फेक्शन पेशंटच्या जिवावर बेतू शकतं. काही जंतू पेशंटच्याच आतड्यातले असतात, त्यावर आपला इलाज नाही, पण हातावरून येणारे नक्की थांबवता येतात.

आधी सारखा हात कुठे लागतो ते बघा. बेडचे कठडे, बेल, सलाईनचा स्टँड, जेवणाचं टेबल, रिमोट, दाराची कडी, आणि मोबाइल, जो आपण बाहेरून आणतो आणि सरळ बेडवर ठेवतो. फरशीपेक्षा या वस्तू महत्त्वाच्या.

घाण दिसत असेल तर आधी साबणपाण्याने काढा, मग जंतुनाशक. चांगल्या भागाकडून घाणीकडे जायचं, टॉयलेट सगळ्यात शेवटी आणि त्याचं फडकं वेगळं.

आता मुख्य गोष्ट. जंतुनाशकाची वाइप (डब्यातून येणारा ओला पुसायचा कागद) फिरवून लगेच कोरडं केलं तर फार काही उपयोग नाही, डब्यावर जेवढी मिनिटं लिहिलीयत तेवढा वेळ ती जागा ओली राहिली पाहिजे. मी घड्याळ लावून बघितलं, डब्यावर 3 मिनिटं होती आणि पंख्याखाली आईचं टेबल मिनिटभरात कोरडं, मग पंखा बंद केला आणि दुसरी वाइप घेतली.

जुलाब सुरू झाले तर नर्सना लगेच सांगा. सी-डिफ नावाचा जुलाब करणारा जंतू असेल तर त्याचे बीजाणू (जंतूचं कडक कवचातलं रूप) वस्तूंवर महिनोन्‌महिने टिकतात आणि सॅनिटायझरने मरत नाहीत, तिथे हात साबणाने चोळूनच धुवायचे आणि खोली ब्लीचने पुसायला लागते. घरी ब्लीच वापरताना पेशंटला दुसऱ्या खोलीत बसवा, खिडकी उघडा, आणि ते अ‍ॅसिडवाल्या टॉयलेट क्लीनरमध्ये अजिबात मिसळू नका, विषारी गॅस होतो.

सिंकच्या आसपास औषधं, ब्रश, पाण्याचा ग्लास ठेवू नका, ड्रेनमधले जंतू नळाच्या पाण्याबरोबर उडतात. फुलदाणीतलं पाणीही तसंच, फुलं नकोतच.

हात पेशंटला लावायच्या आधी तर धुवाच, पण नुसता कठडा किंवा स्टँड धरला तरी नंतर धुवा, हे बहुतेक सगळे विसरतात, मीही विसरायचे. डॉक्टर किंवा नर्स थेट सेंट्रल लाइनला (मोठ्या शिरेत बसवलेली औषधाची नळी) हात लावायला आले तर 'आधी हात' असं सरळ म्हणा, संकोच करू नका, चांगल्या नर्सना याचा राग येत नाही.

आणि थर्मामीटर जवळच ठेवा, वापरला की पुसा. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला तर मध्यरात्र असली तरी ऑन्कोलॉजीच्या (कॅन्सर विभागाच्या) नंबरवर फोन करायचा, आणि त्यांना विचारल्याशिवाय तापाची गोळी द्यायची नाही.